शनिवारचं पान

१

रविवारी सकाळी, म्हाताऱ्यांची घरी जाऊन देखभाल करणाऱ्या निधी वानखेडेनं तळमजल्यावरच्या फ्लॅटचं दार किल्लीनं उघडलं, "गुड मॉर्निंग, अंकल" म्हटलं, खिडकीचा पडदा सारला आणि मग मागं वळून पाहिलं. मिस्टर ओसोरिओ खुर्चीत बसले होते. डोळे मिटलेले, हात मांडीवर, चेहऱ्यावर कमालीची शांतता. आणि ओठांच्या फटीतून एक छोटंसं हिरवं पान बाहेर डोकावत होतं.

निधीनं आधी अँब्युलन्ससाठी ९९९ला फोन केला. मग दोन मजले चढून टिपणीसांच्या दारावर धडका दिल्या, कारण मराठीत किंकाळी फोडावी असं त्या इमारतीत ते एकच घर होतं.

"काकाजी! अंकल गेले जी! तोंडात पान हाय त्यायच्या!"

ज्ञानेश्वर टिपणीस तेव्हा दात घासत होते. वय बहात्तर. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या कौन्सिलात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं होतं: पार्किंगचा दंड माफ करा म्हणून येणारे अर्ज वाचायचे आणि त्यातला खोटा कोणता ते ओळखायचं. एका गृहस्थाची आजी त्यांनी चारदा वारलेली पाहिली होती, आणि चारही वेळा ती नेमकी गाडी लावायला मनाई असलेल्या डबल यलो लाइनसमोर वारली होती. या अनुभवातून त्यांचा एक सिद्धान्त तयार झाला होता. खरं बोलणारा माणूस एक कारण देतो. खोटं बोलणारा तीन देतो, आणि तिसऱ्यात हॉस्पिटल असतं.

त्यांनी चूळ भरली आणि खाली गेले. अँब्युलन्स आली, माणसं आली, त्यांनी माना हलवल्या. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, हृदय नाजूक, खुर्चीत झोपेत गेला. यात चमत्कारिक काही नव्हतं. चमत्कारिक होतं ते पान, आणि त्याच्याकडे पाहून ती माणसं आपसांत हळू आवाजात बोलायला लागली.

वर आल्यावर टिपणीसांनी बायकोला बातमी सांगितली. पानाचं मात्र सांगितलं नाही. सुनेत्राबाईंना रक्तदाबाचा त्रास होता, आणि असल्या गोष्टी बायकांना सांगू नयेत असं टिपणीसांचं मत होतं. ते मत त्यांनी बायकोला कधी विचारून बनवलेलं नव्हतं.

सुनेत्राबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. "सुटला बिचारा," त्या म्हणाल्या. "पान तेवढं ठेवलं मी काल. मनाला तेवढंच समाधान."

टिपणीसांनी मान डोलावली. दर शनिवारी दुपारी स्टीलच्या ताटात वरण-भात, भाजी, असेल ते गोड, असं म्हाताऱ्याचं पान वाढून खाली नेणं हा सुनेत्राबाईंचा आठ महिन्यांचा नेम होता. तो जेवायचा आणि स्पॅनिशमध्ये बोलायचा. ह्या बसायच्या आणि मराठीत बोलायच्या. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नसल्यामुळे आठ महिन्यांत एकदाही मतभेद झाला नव्हता. इतकं सुखाचं संभाषण स्वतः टिपणीसांच्या वाट्याला पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आलं नव्हतं.

जेवून गेला म्हणजे बरं झालं, असं त्यांना वाटलं. आणि तिथंच त्यांची पहिली चूक झाली.

२

मंगळवारी डिटेक्टिव्ह सार्जंट हॉलिस नावाची उंच, थकलेली बाई दारात आली. सुनेत्राबाई अंघोळीला गेल्या होत्या. सार्जंटनं थोडक्यात सांगितलं: मिस्टर ओसोरिओंच्या पोटात त्यांच्याच हृदयाच्या गोळ्या सापडल्या होत्या, पण एका घोड्याला पुरतील इतक्या. गोळ्या रोज कोण द्यायचं? मिस वानखेडे. घराची किल्ली कोणाकडे? मिस वानखेडे. मिस वानखेडेला तिच्या कंपनीनं कामावरून थांबवलं होतं.

"आणि हे झाड तुमच्या ओळखीचं आहे का?" तिनं फोनवर फोटो दाखवला.

टिपणीसांचा चष्मा आत राहिला होता. फोनवर काहीतरी हिरवं दिसत होतं. माहीत नाही म्हणणं कौन्सिलात शिकवलेलं नसतं.

"बेसिल," ते ठामपणे म्हणाले. "खाली मिसेस पेनीच्या खिडकीत कुंडी आहे."

सार्जंट आभार मानून खाली गेली. ही दुसरी चूक.

संध्याकाळी त्यांची मुलगी देवयानी आली. जन्म बेसिंगस्टोकचा, नोकरी अकाउंट्समधली, आणि गाडी चालवताना, स्वयंपाक करताना, झोपताना कानात सतत कुठल्यातरी खुनाचा पॉडकास्ट. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोलिसांनी टाकलेला पानाचा फोटो तिनं पाहिला आणि बाबांचं मनगट धरलं.

"बाबा! ओ माय गॉड. हा पानवाला आहे!"

"कुठला? इल्फर्डचा?" टिपणीसांना इल्फर्डच्या एका दुकानातलं मघई पान फार आवडायचं, आणि नव्या कवळीमुळे ते बंद झालं होतं.

"नो, बाबा! सीरियल किलर! साउथ अमेरिकेतली!"

स्वयंपाकघरातून आवाज आला. "पानवाल्याचं नाव काढू नका हं. दातांना किती खर्च झालाय ठाऊक आहे ना?"

देवयानीनं आवाज उतरवला. तिच्या मराठीत व्याकरणाची लिंगं येतील तशी यायची; त्यामुळे ती सांगत असलेली हकिकत टिपणीसांना आधी दोन-तीन वेगवेगळ्या माणसांची वाटली.

"तो एक नर्स होती. म्हणजे मॅन नर्स. अँडीजच्या खाली, बसस्टँडवाली छोटी छोटी गावं असतात ना, तिथे फिरायची. ज्या बाया एकट्या राहतात, त्यांना इंजेक्शन द्यायचा, टॉनिक द्यायचा. बाया बिचारे त्याला जेवायला घालायचे. मग एक दिवस तो त्यांना चहा करून द्यायचा."

"चांगलं आहे की."

"बाबा, चहात गोळ्या! पेशंट लोकांच्या चोरलेल्या. आणि बाई मेला की जिभेवर एक पान ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि निघून जायची. कोर्टात म्हणाला, कुणी एकटं मरू नये, आणि पान म्हणजे वाटखर्च."

भाषा कशीही असली तरी हे त्यांना नीट कळलं होतं.

"किती बायका?"

"नऊ नावं मिळाली. अजून होत्या, पण नावं त्यानं कधी सांगितली नाहीत. तिथल्या कायद्यात सोळा वर्षं मॅक्सिमम, ती भोगली, आणि सुटला. जेलच्या गेटमधून बाहेर आली, नवे बूट घातलेले, आणि देन नथिंग. व्हॅनिश. कोणी म्हणतं मेला, कोणी म्हणतं युरोपला गेला." देवयानीचे डोळे चमकत होते. "ही इज हिअर, बाबा. बेसिंगस्टोकमध्ये. आणि त्यानं ओसोरिओ अंकलला मारलं."

३

निधी बुधवारी आली ती खुर्चीच्या कडेवर बसली, अगदी ऑफिसात बसतात तशी.

"कंपनीनं व्हिसाची स्पॉन्सरशिप काढली तं साठ दिवसांत देश सोडा लागते जी," ती म्हणाली. "अन् पोलिसायनं केस केली तं साठ दिवसबी नाही. तुरुंग. नागपूरले मायला काय सांगू मी? की म्हाताऱ्याले मारलं?"

"मारलंस का?" टिपणीसांनी विचारलं. अर्जदाराला ते हेच विचारायचे: पिवळ्या रेघेवर गाडी लावलीत का?

"नाही जी."

एक कारणही नाही. नुसतं नाही. टिपणीसांना ते आवडलं.

"शनिवारी काय झालं ते सांग."

"दुपारी बाराले गेली. गोळी देल्ली. त्यायनं तोंडात ठेवली, पाणी प्याले, मान हलवली. रोजचंच. संध्याकाळची व्हिजिट होती माही, पण ॲपवर कॅन्सल दाखवली, माणसं कमी म्हणून. मी दुसऱ्या कामावर गेली."

"गोळी गिळली?"

"जीभ उचलून तं नाही पाहिली जी मी. म्हाताऱ्या माणसाले लहान लेकरासारखं कसं म्हणाव, आ कर?"

"रविवारी घर कसं होतं? नीट आठव."

"साफ. बाप्पा, एकदम साफ! मोरीत एक भांडं नाही. दोन कप धुतलेले, पुसणं घडी करून त्यावर पालथे घातलेले. पोलिसीण म्हणे, ज्यानं केलं त्यानं पुरावा धुतला, मोठा सराईत असन. अन् सराईत कोण, तं मी! सगळी बोटं माह्याकडं." ती रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "काकाजी, तुम्ही तं खोटं ओळखता म्हणे. मंग सांगा ना त्यायले, मी खरी हाव म्हणून."

आतून सुनेत्राबाई चहा घेऊन आल्या. निधीच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नकोस गं. एक संध्याकाळ चुकली म्हणून कोणी नोकरीवरून काढतं का?"

टिपणीसांनी खुलासा केला नाही. प्रकरण गोपनीय होतं.

आता त्यांच्या डोक्यात दोन कप घुसले होते. दोन. म्हणजे शनिवारी कोणीतरी ओसोरिओबरोबर चहाला बसलं होतं. आणि चहा करून देणारा एकच माणूस या कथेत होता, तो म्हणजे पानवाला.

४

संशयितांची टिपणीसांनी मनाशी मांडणी केली. मिसेस पेनी: खिडकीत बेसिल. आणि समोरच्या गल्लीतले श्रीनिवास गुप्ते: निवृत्त फार्मासिस्ट, गोळ्यांची खडान्‌खडा माहिती, आणि दर गुरुवारी ओसोरिओशी कॅरम.

मिसेस पेनीनं त्यांना आत बसवलं आणि बिस्किट दिलं.

"ज्ञान," ती म्हणाली (तीस वर्षांत ती नावाच्या पुढच्या भागापर्यंत पोचली नव्हती), "कोणीतरी पोलिसांना सांगितलं की पान माझ्या कुंडीतलं आहे. किती नीच माणूस असेल!"

"फारच," टिपणीस म्हणाले आणि दुसरं बिस्किट घेतलं नाही.

"माझं बेसिल केव्हाच मेलंय. नोव्हेंबरात बेसिल कुठं जगतं? तो थंडीचा द्वेष करणारा प्राणी आहे. हे बघ." कुंडीत खरोखरच एक वाळकी काडी उभी होती. "या इमारतीत असली नाजूक गोष्ट जगवायची तर कोणीतरी दिवसभर दिवा लावून तिच्याशी बोलत बसायला हवं."

एकच कारण, आणि त्यात हॉस्पिटल नव्हतं. मिसेस पेनी सुटली.

श्रीनिवास गुप्त्यांनी मात्र तीन कारणं दिली.

"शनिवारी? मी नव्हतोच. केंब्रिजला मुलाकडे गेलो होतो. शिवाय पाठ दुखत होती. आणि नंतर हॉस्पिटलमध्ये एक्स-रे होता."

टिपणीसांनी नुसतं पाहिलं.

"बरं, बरं," गुप्ते म्हणाले. "मराठी मंडळाची सत्यनारायणाची पूजा चुकवायची होती मला. देणगीची पेटी फिरवतात तिथं. घरीच होतो, क्रिकेट बघत. सुनेत्राला सांगू नकोस. तिनं साठ माणसांचा शिरा एकटीनं केला म्हणे, दिवसभर कडकडीत उपास करून."

"सांगत नाही. ओसोरिओ कसा माणूस होता रे?"

"कॅरम छान खेळायचा. पण एक गंमत सांगू? सोंगटी गेली की दर वेळी एक नाव घ्यायचा. बाईचं. रोसा. टक्! एल्विरा. टक्! मी म्हटलं, असेल काहीतरी त्यांच्याकडची पद्धत."

टिपणीस इमारतीत येईपर्यंत त्यांचा पार गोंधळ उडाला होता. जिना चढता चढताच त्यांनी देवयानीला फोन लावला.

"त्या नऊ बायकांची नावं काय गं?"

"वेट." मग तिचा वाचतानाचा आवाज. "रोसा. एल्विरा. दोलोरेस. इनेस..."

टिपणीस जिन्यातच खाली बसले. पानवाला ओसोरिओला मारायला बेसिंगस्टोकला आलाच नव्हता. पानवाला आठ महिने त्यांच्याच घरचं वरण खात होता.

मग पानवाल्याच्या तोंडात पान कोणी ठेवलं?

५

जिन्यात बसूनच त्यांनी चष्मा लावला आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो प्रथमच नीट पाहिला. पान लहान. कडा किंचित कातरलेल्या. देठ जांभळट, त्यावर बारीक लव. हे बेसिल पिझ्झावर घालतात त्यातलं नव्हतं.

'दिवसभर दिवा लावून तिच्याशी बोलत बसायला हवं.'

दिवा त्यांना चांगला माहीत होता. विजेच्या बिलावरून त्यांनी त्याच्याशी भांडणही केलं होतं. निळसर-जांभळा, रोपांसाठी खास मिळतो तो. त्यांच्याच दिवाणखान्यात, रेडिएटरशेजारी, पितळी वृंदावनावर टांगलेला.

ते उठून वर आले. सुनेत्राबाई भाजी आणायला गेल्या होत्या. ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि भांडी उघडून बसले. ज्यात म्हाताऱ्याचं पान वाढून नेत, त्या ताटावर सुनेत्राबाईंच्या आईनं लग्नात नाव घालून दिलं होतं: चि. सौ. सुनेत्रा. शनिवारी ते ताट खाली गेलं असेल, तर तिथं सापडायला हवं होतं. पण निधी म्हणाली, मोरीत एक भांडं नाही, घरात फक्त दोन कप.

ताट इथंच होतं. मांडणीवर, जागच्या जागी. आणि शनिवारी तर बाईसाहेबांना कडकडीत उपास. सकाळपासून फक्त शिऱ्याची तयारी. घरात वरण-भात शिजलाच नव्हता.

म्हणजे शनिवारी ओसोरिओला जेवायचं पान गेलंच नव्हतं.

'पान तेवढं ठेवलं मी काल.'

टिपणीसांची नजर ओट्यावर गेली. सकाळच्या चहाचे दोन कप धुऊन, घडी केलेल्या पुसण्यावर, शिस्तीत पालथे घातलेले होते. गेली पंचेचाळीस वर्षं ते तसेच असत. इतक्या दिवसांत त्यांनी सगळ्या इमारतीची उलटतपासणी केली होती. एकाच माणसाला प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि ते माणूस आता जिन्यात मेथीची पिशवी घेऊन धापा टाकत होतं.

६

"तुम्ही भांडी का काढून बसलाय?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"शनिवारी तू ओसोरिओच्या तोंडात तुळस ठेवलीस?"

"सांगितलं की रविवारीच. पान ठेवलं म्हणून."

"मला वाटलं जेवणाचं पान!"

"उपासाच्या दिवशी? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मंडळात कोणाला बोलला नाहीत ना?"

टिपणीस खुर्चीवर बसले. "काय झालं ते पहिल्यापासून सांग."

"शिऱ्याचं आटोपून चारला खाली गेले. आज पान नाही, पूजा आहे, एवढंच सांगायला. पूजेची तुळस पर्समध्येच होती. गेले तर यानं टेबल मांडलेलं. दोन कप चहा करून तयार. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्यासाठी काही केलं हो! मला भरून आलं. पण उपास. नाही कसं म्हणू? वाईट वाटलं असतं त्याला."

"मग?"

"तो खिडकी लावायला उठला, मी माझा कप त्याच्या कपात ओतला. मोठा मग होता त्याचा, मावला. टाकून कसा देऊ? आणि रिकामा कप पुढ्यात ठेवून म्हटलं, छान झालाय हं चहा."

टिपणीसांनी हातातलं ताट खाली ठेवलं. 

"मग बसला, प्यायला. आणि बोलायला लागला. बहिणींची नावं घेतो ना तो, तशी. चौदा बहिणी हो त्याला! दर शनिवारी बोटांवर मोजायचा. मी म्हणायचे, भाग्यवान आहेस बाबा, आम्ही दोघीच. त्या दिवशी सगळी नावं झाली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, सुनेतरा." सुनेत्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मलाही बहीण मानलं त्यानं. मग एकटक बघत बसला माझ्याकडे. वाट बघितल्यासारखा. मी आपली शिऱ्याचं सांगतेय, साखर किती, तूप किती. आणि बघता बघता त्याचेच डोळे जड झाले. आधी आश्चर्य वाटल्यासारखं केलं त्यानं, कपात बघितलं, माझ्याकडे बघितलं. हसला. मग मान पडली."

"फोन का नाही केलास?"

"मामंजींच्या वेळी पाहिलंय मी. गेलेला कळतो." त्यांनी दम घेतला. "साठ माणसांचा शिरा वर तयार होता, अहो. मी प्रेताला शिवले म्हटल्यावर टाकावा लागला असता. पूजा मोडली असती. आणि संध्याकाळी निधी येणारच होती, ती बघेल म्हटलं. मग तुळशीचं पान तोंडात ठेवलं. गंगाजल नव्हतं, म्हणून नळाचेच दोन थेंब, गंगा म्हणून. कप धुतले, उष्टे टाकून कशी येणार? वर येऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि हॉलवर गेले. एवढंच."

एकच कारण. टिपणीसांच्या तीस वर्षांच्या नोकरीत इतका खरा अर्ज त्यांच्या टेबलावर आला नव्हता.

"काय झालं?" सुनेत्राबाई म्हणाल्या. "असे पांढरे का पडलात? बोला ना!"

टिपणीसांनी बायकोचा हात हातात घेतला. आणि मग, रक्तदाब असो नसो, सगळं सांगितलं.

७

सार्जंट हॉलिसनं हे तीनदा ऐकलं. भाषांतर देवयानीनं केलं, त्यामुळे पहिल्यांदा सार्जंटचा समज झाला की देवाला मेजवानी द्यायची म्हणून या बाईनं शेजाऱ्याला विष पाजलं. दुसऱ्यांदा तिनं पेन खाली ठेवलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतः चहा मागितला, आणि मग तो प्यायली नाही.

"म्हणजे कप रिकामा पाहून त्यांना वाटलं, मिसेस टिपणीस चहा प्यायल्या?"

"हो," टिपणीस म्हणाले. "ती कोसळायची वाट बघत तो दोघांचा चहा एकटा पीत बसला. निधी रोज गोळी द्यायची, तो जिभेखाली धरून ठेवायचा. कुठंतरी साठवल्या असणार. चहाच्या डब्यात बघा."

चहाच्या डब्यात तळाशी पांढरी पूड सापडली, आणि डब्यावर ठसे एकट्या म्हाताऱ्याचे. ते ठसे अँडीजपर्यंत जाऊन उत्तर घेऊन आले. ओसोरिओ हे त्याचं चौथं नाव होतं. निधीच्या कंपनीनं तिला परत बोलावलं आणि दिलगिरी व्यक्त केली, म्हणजे ॲपवर पिवळं फूल पाठवलं. निधी पेढे घेऊन आली आणि टिपणीसांच्या पाया पडली. टिपणीसांनी तिला बायकोच्या पायांकडे वळवलं.

"आणखी एक," सार्जंट शेवटच्या भेटीत म्हणाली. "तिकडच्या पोलिसांकडे नऊ नावं आहेत. मिसेस टिपणीसना चौदा आठवतात?"

सुनेत्राबाई ताठ बसल्या. आठ महिने दर शनिवारी ऐकलेली नावं; विष्णुसहस्रनाम पाठ असलेल्या बाईला चौदा म्हणजे काय! त्यांनी डोळे मिटून, त्याच चालीत, बोटांच्या पेरांवर मोजत म्हटली. रोसा, एल्विरा, दोलोरेस, इनेस... नऊ संपली. देवयानीच्या हातातला फोन खाली आला. सुनेत्राबाई थांबल्या नाहीत. ब्लांका. मार्ता. ओफेलिया. लूस. आणि शेवटी, अगदी हळू, कॉन्सुएलो.

सार्जंटनं एकेक नाव लिहून घेतलं. फेब्रुवारीत तिचा फोन आला. डोंगरातल्या एका गावात ब्लांकाची धाकटी बहीण अजून जिवंत होती. चाळीस वर्षं ती दाराला आतून कडी लावत नव्हती, ब्लांका रात्री-अपरात्री आली तर म्हणून. परवा तिनं कडी लावली.

त्या दिवशी सुनेत्राबाईंनी वृंदावनापुढे चौदा पानं मांडली, तोडलेली नव्हे, आपोआप गळलेली. टिपणीसांनी विजेच्या बिलाचा विषय काढला नाही. पुढंही कधी काढला नाही.

मग शनिवार आला. चारच्या सुमारास सुनेत्राबाईंनी दोन कप चहा आणला, एक नवऱ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. टिपणीसांनी कपाकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. पुन्हा कपाकडे पाहिलं.

"प्या निर्धास्त," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षांत तुमचं नाव कधी घेतलंय मी?"